मानवशास्त्राची पदवी, गोव्याचा पत्ता आणि साठ प्रश्न: 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर'चे परीक्षण

मानवशास्त्रात पदवी घेऊन पणजी-मडगावात नोकरी शोधणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'एखादी ॲप्टिट्यूड टेस्ट देऊन बघ'. मार्गदर्शन केंद्रे त्यासाठी पैसे घेतात. त्यांच्या बऱ्याच चाचण्यांच्या पोटात मात्र एकच सांगाडा सापडतो, तो म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेली सहा गटांची विभागणी. हाच सांगाडा अमेरिकेच्या कामगार खात्याने 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर' या नावाने फुकट खुला ठेवला आहे आणि तो 'माय नेक्स्ट मूव्ह' या संकेतस्थळावर मिळतो. तेव्हा खिशात हात घालण्याआधी हे वापरून पाहावे. मानवशास्त्राच्या पदवीधराला, त्यातही गोव्यात राहूनच काम करू पाहणाऱ्याला, याचा कितपत उपयोग होतो ते पाहू.

प्रश्न ६० आहेत. प्रत्येक प्रश्नात एक काम दिलेले असते आणि 'अजिबात आवडणार नाही'पासून 'खूप आवडेल'पर्यंतच्या पाच पर्यायांतून एक निवडायचा असतो. वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास लागतो. दर गटाला १० प्रश्न आणि दर प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे प्रत्येक गटाची बेरीज ० ते ४० यांच्यामध्ये कुठेतरी येते. गटांची नावे मराठीत ढोबळमानाने अशी सांगता येतील: हातकामाचा, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि दप्तरी. सहाही आकडे दिसले की वहीत उतरवून घ्यावेत, पुढे ते लागतात. भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश. मराठी-कोंकणीची सोय नाही.

पहिली ठेच इथेच लागते. ओ-नेटच्याच नोंदीत मानवशास्त्रज्ञाचे गट 'शोधक' आणि 'कलात्मक' असे दिलेले आहेत. पण प्रश्नावलीत 'शोधक' गटाखाली विचारले जाते ते नवीन औषध शोधणे, पाण्याचे प्रदूषण कमी करण्याचे उपाय अभ्यासणे, रासायनिक प्रयोग करणे, ग्रहांची गती अभ्यासणे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने पाहणे, साखरेला पर्याय काढणे असे. सगळी प्रयोगशाळेची हवा. माणसांत बसून, त्यांच्याशी बोलून शोध घेण्याबद्दल एकही प्रश्न नाही. धालोच्या, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याच्या, मांडावर रात्रभर बसून कोण कुठल्या क्रमाने उभे राहते याची टिपणे काढायला ज्याला आवडते, तो रक्ताच्या नमुन्यापुढे 'आवडणार नाही' यावरच बोट ठेवणार. मग त्याचे शोधक गुण कोसळतात, सामाजिक आणि कलात्मक वर चढतात आणि निकालात शिक्षक, समुपदेशक, ग्रंथपाल अशी नावे येतात. चार वर्षे जो विषय शिकला त्याचा यादीत पत्ताच नसतो. जैविक मानवशास्त्रात, म्हणजे हाडे-दात-जनुके यांत रमणाऱ्याला ही अडचण येत नाही. त्याचा निकाल बऱ्यापैकी बरोबर निघतो.

उत्तरे ओढूनताणून द्यायची नाहीत, त्याने सगळाच निकाल बिघडतो. एकाच वरच्या गटावर न थांबता पहिले तीन गट पाहावेत आणि दोन गटांत तीन-चार गुणांचाच फरक असेल तर ते सारखेच धरावेत.

दुसरी ठेच 'जॉब झोन'ची. गुणांनंतर तयारीची पातळी १ ते ५ यांतून निवडायची असते. मानवशास्त्रज्ञ पाचव्या पातळीत आहे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण आणि पुढचे. बी.ए. झालेला माणूस प्रामाणिकपणे चौथी निवडतो आणि नेमके मानवशास्त्रज्ञाचे पान त्याच्या पहिल्या यादीतून निसटते. आज कुठे आहोत ते न पाहता पुढे जिथे जायचे आहे ती पातळी निवडावी. तेही जमले नाही तर सरळ शोधखिडकीत व्यवसायाचे नाव टाकून पान उघडावे.

खरा माल त्या पानावर आहे. मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांना तिथे एकाच दावणीला बांधले आहे, क्रमांक १९-३०९१. पगार डॉलरमध्ये आणि मागणीचे अंदाज अमेरिकेचे, ते दोन्ही न वाचलेलेच बरे. वाचायची ती कामांची यादी. निरीक्षण, मुलाखती आणि कागदपत्रे यांवरून माहिती गोळा करून निष्कर्ष काढणे. छायाचित्र, चित्रफीत आणि ध्वनिमुद्रणातून नोंदी तयार करणे. एखाद्या योजनेचा समाजावर काय परिणाम होईल याबद्दल सरकारला, संस्थांना, लोकांना सल्ला देणे. आरोग्यसेवा घेण्याच्या आड कोणत्या समजुती येतात ते वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर शोधणे. लोकांना बरोबर घेऊन संशोधन करणे. गोव्यात 'मानवशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात वर्षानुवर्षे दिसायची नाही. ही कामे मात्र चालू असतात, फक्त त्यांवर पाटी वेगळी असते. या साधनाचा गोव्यातला उपयोग एवढाच, आणि तो लहान नाही: पदाचे नाव सोडून कामाचे नाव शोधायला ते शिकवते.

आता ही यादी घेऊन गोव्यात उतरले की काय हाती लागते ते पाहू.

'परिणामांबद्दल सल्ला' याचे इथले कायदेशीर नाव आहे सामाजिक परिणाम मूल्यांकन. २०१३च्या भूसंपादन कायद्यात ते सक्तीचे आहे, सहा महिन्यांत पुरे करावे लागते आणि नंतर तज्ज्ञगटाला ते तपासायला दोन महिने असतात. अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावा लागतो, म्हणजे कोंकणी-मराठी लिहिणाऱ्याला इथे थेट काम आहे. अशा अभ्यासांची नेहमीची चूक एकच असते. पाहणी करणारे एक-चौदाचे, म्हणजे गोव्यातल्या सात-बाराचे, उतारे काढतात, त्यांवरच्या नावांना प्रश्नावली भरायला लावतात आणि परततात. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, जमिनीवर राबणारा, मिठागरावर हंगामापुरता येणारा, माडाची सूर काढणारा रेंदेर हे त्या उताऱ्यावर नसतात. कायद्याने 'बाधित कुटुंबा'त ज्याचे पोट संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर चालत होते असे शेतमजूर, कूळ आणि कारागीरही येतात. त्यांना शोधून काढणे हे मानवशास्त्राने शिकवलेले काम आहे: वाड्यावर जाऊन कोण कुणाच्या जमिनीत कुठल्या महिन्यात काय करतो याचा वर्षभराचा तक्ता करणे. अशी कामे बहुधा एकेका अभ्यासापुरती मिळतात, कायम नोकरी म्हणून नव्हे. करारात प्रवासखर्च आणि मसुदा दुरुस्तीच्या फेऱ्या किती हे आधी लिहून घ्यावे. दुसऱ्या गोष्टीवरून नंतर फार ओढाताण होते.

वनहक्कांचे काम याहून अस्सल. २००६च्या वनहक्क कायद्याखाली, पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीसाठी केलेले दावे सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे, काणकोण या भागांत आहेत. ग्रामसभेची वनहक्क समिती १० ते १५ जणांची, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती अशी वाट. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. आणि नियम १३ मध्ये कोणते पुरावे चालतात ते वाचले तर मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वहीच उघडल्यासारखे वाटते: विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांच्या खुणा, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांची निवेदने, आणि जुन्या नोंदीत नाव असलेल्या पूर्वजापर्यंत पोचणारी वंशावळ.

वंशावळ कुठे फसते? नुसता झाडासारखा तक्ता काढला आणि त्यातले एकही नाव कागदाशी जोडलेले नसले की तो चित्र ठरतो, पुरावा ठरत नाही. पोर्तुगीज काळातल्या कागदावर नावाचे वर्णलेखन एक, एक-चौदावर दुसरे, मतदार कार्डावर तिसरे असते. म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी 'नाव, कुठल्या कागदावर कसे लिहिले, कागदाचे वर्ष' अशी जुळणीची सारणी वंशावळीला जोडावी. लग्न करून गेलेल्या मुली आणि दत्तक मुले गाळली जातात, पुढे भावकीत वाद उभा राहिला की हीच जागा उसवते. पती-पत्नीच्या नावाने हक्क संयुक्त द्यायचा असल्याने बाईचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे नोंदवावीत.

समाजनिहाय फरकही लक्षात ठेवावा. कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ साली झाला. २०११च्या जनगणनेत गोव्यातली ही लोकसंख्या १,४९,२७५ होती, म्हणजे साधारण १०.२ टक्के. त्यांना १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. धनगर-गवळी त्या यादीत नाहीत. त्यांना 'इतर पारंपरिक वनवासी' म्हणून तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. २००५मधून ७५ वजा केले की आपण १९३०मध्ये, पोर्तुगीज राजवटीत पोचतो. म्हणून वाचता येईल इतके पोर्तुगीज शिकणे या क्षेत्रात कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा कामाला येते. जोडीला मोडी आली तर पणजीच्या अभिलेखागारातही तुमची गरज पडेल, तिथे पोर्तुगीज भाषेतले आणि मोडी लिपीतले असे दोन्ही जुने दस्तऐवज आहेत.

धनगर-गवळी समाजाची अनुसूचित जमातीत घेण्याची मागणी जुनी आहे आणि तिथेही मानवशास्त्रीय अहवालच लागतो. १९६५च्या लोकूर समितीचे पाच निकष अजून वापरात आहेत: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. निकषांची भाषा आज वाचवत नाही, पण प्रस्ताव राज्याकडून भारताच्या महानिबंधकांकडे (जनगणना पाहणारे केंद्राचे अधिकारी) गेला की तपासणी याच फुटपट्टीने होते. निकषांवर टीका करणारा निबंध आणि त्याच निकषांना एकेक नोंदीने उत्तर देणारा अहवाल हे दोन वेगळे कागद आहेत. नोकरी दुसरा लिहिणाऱ्याला मिळते.

जैवविविधता नोंदवह्यांचे काम पाटी बदललेल्या कामांचे आणखी एक उदाहरण. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकनोंदवही असायला हवी, आणि गोव्यात पंचायती १९१ आहेत. कुठल्याशा पुस्तकातून झाडांची नावे उतरवून वही जाड करणे हा इथला रोग. चांगल्या नोंदीत झाडाचे त्या वाड्यावरचे नाव, ते कुठे उगवते, कुठल्या महिन्यात काय काढतात, कशासाठी वापरतात आणि हे कोण सांगते एवढे असते. सांगणाऱ्याने 'हे औषध लिहू नका' म्हटले तर लिहायचे नाही आणि तशी नोंद मात्र करायची.

भौगोलिक मानांकनाच्या अर्जांचाही विचार करावा. फेणीला ते २००९मध्ये मिळाले, काणकोणातल्या खोल गावच्या मिरचीला २०२०मध्ये, बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाला २०२३मध्ये. अर्जात उगमाचा पुरावा आणि करण्याची पद्धत लिहावी लागते. 'पूर्वापार चालत आले आहे' या वाक्याला तिथे किंमत नाही. जुने ग्रंथ, गॅझेटियर, बाजाराच्या नोंदी आणि कारागिरांच्या मुलाखती हव्यात. भट्टीवर बसून पायरीपायरीने प्रक्रिया लिहिणे, कुठली हंडी, किती वेळ आच, पहिली धार कधी वेगळी करतात हे टिपणे, ही सवय ज्याला आहे त्याने उत्पादक संघांशी बोलून पाहावे.

आरोग्यसंशोधनात गोवा आकाराच्या मानाने पुढे आहे. मानसिक आरोग्यावर काम करणारी 'संगाथ' ही संस्था १९९६मध्ये इथेच सुरू झाली. अशा प्रकल्पांत मुलाखती घेणारे, त्यांचे शब्दांकन आणि विश्लेषण करणारे लागतात. इथे अंदाज चुकतो तो वेळेचा. तासाभराच्या मुलाखतीच्या शब्दांकनाला चार ते सहा तास सहज जातात, आणि कोंकणीतून इंग्रजीत न्यायचे असेल तर त्याहून जास्त. विश्लेषणाचे महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. 'टॅगेट' फुकट आहे आणि शिकायला एक दुपार पुरे. अहवाल लिहिताना गुणात्मक संशोधनासाठीची 'कोरेक' ही ३२ मुद्द्यांची यादी समोर ठेवावी, नोकरीच्या मुलाखतीत तिच्यावर बोलता आले तर फरक पडतो.

संग्रहालयांबद्दल थोडक्यात. बाणावलीचे 'गोवा चित्र' किंवा जुन्या गोव्यातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय अशा ठिकाणी पाहायला नव्हे, नोंदपद्धत समजून घ्यायला जावे. एका वस्तूची पूर्ण नोंद म्हणजे क्रमांक, स्थानिक नाव, माप, कशाची बनवली, कुठून आली, कोणी केली, कशी वापरत, सध्याची अवस्था आणि मापपट्टीसह छायाचित्र. घरातल्या दहा जुन्या वस्तूंच्या अशा नोंदी करून ठेवल्या तर अर्जासोबत दाखवायला काहीतरी हाती असते. प्राध्यापकीसाठीच्या 'नेट' परीक्षेला संग्रहालयशास्त्राचा विषयक्रमांक ६६ आहे, पुरातत्त्वाचा ६७ आणि मानवशास्त्राचा ०७.

बाकी वाटा सगळ्यांना ठाऊक असतात. भारतीय मानववंश सर्वेक्षण १९४५पासून आहे, मुख्यालय कोलकात्यात आणि केंद्रे म्हैसूर, नागपूर, उदयपूर, जगदलपूर, श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) अशी पसरलेली. बदलीची तयारी नसेल तर तिकडे वळू नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत मानवशास्त्राचे दोन पेपर प्रत्येकी २५० गुणांचे असतात. गंमत अशी की तो विषय घ्यायला त्यातली पदवी लागत नाही, त्यामुळे या विषयावर नशीब काढणाऱ्यांत अभियंतेही भरपूर सापडतात. न्यायवैद्यक मानवशास्त्राकडे कल असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे आवार फोंड्यात आहे, पण तिथे जीवशास्त्राचा पाया पक्का हवा. आणि वापरकर्ता-संशोधन, म्हणजे ॲप कोण कसे वापरतो याचा अभ्यास, हे काम घरबसल्या होते. तिथे प्रबंध कोणी वाचत नाही, पाच मुलाखतींतून निघालेले चार पानी निष्कर्ष वाचतात.

तुलनेसाठी आपल्याकडचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल पाहू. केंद्रीय कामगार मंत्रालयाने ते २०१५मध्ये सुरू केले, नोंदणी फुकट आहे. आपल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात समाजशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ आणि तत्सम व्यावसायिक यांचा गट २६३२. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतो, त्यामुळे परदेशी जाहिराती धुंडाळतानाही उपयोगी पडतो. पोर्टलवर 'मानवशास्त्र' टाकून शोधण्यात अर्थ नाही. 'क्षेत्र संशोधक', 'दस्तऐवजीकरण', 'सामाजिक तज्ज्ञ', 'समुदाय संघटक', 'देखरेख व मूल्यमापन' हे शब्द इंग्रजीतून टाकावेत आणि गोव्यातला एकेक जिल्हा निवडून पुन्हा शोधावे. आवडीनिवडी जोखायला ओ-नेट बरे, प्रत्यक्ष भारतीय जाहिरातींसाठी हे. दोन्ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

गोवा सरकारच्या जाहिरातींबाबत मात्र दोन्ही साधने मुकी आहेत. गोवा लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग यांच्या जाहिराती वेगळ्याच वाचाव्या लागतात. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, कोंकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट हे ठरलेले. घोळ शैक्षणिक पात्रतेच्या ओळीत होतो. 'समाजशास्त्र किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी' असे लिहिले असेल तर मानवशास्त्र त्यात आपोआप बसत नाही. 'किंवा समकक्ष' हे दोन शब्द आहेत का ते पाहावे. असतील तर अंतिम तारखेच्या बरेच आधी खात्याला लेखी विचारावे आणि विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाची विषयवार प्रत घेऊन ठेवावी. कागदपत्रांच्या छाननीला ही प्रत नसली की तिथेच गाडी अडते, आणि ती मिळवायला धारवाड किंवा पुण्याला हेलपाटा पडतो.

प्रोफायलरला आमच्याकडून पाचपैकी तीन. प्रश्नावलीला एकटीला दोनच दिले असते, व्यवसायाच्या पानावरच्या कामांच्या यादीने एक वाढवला. बारावीनंतर विषय निवडणाऱ्या मुलाने निकालावर विसंबू नये. पदवी हातात असलेल्याने प्रश्न दहा मिनिटांत उरकून कामांच्या यादीला एक तास द्यावा: प्रत्येक कामापुढे आपण केलेले एक काम, त्याचे ठिकाण आणि त्यातून निघालेला कागद लिहावा. ज्या कामांपुढे कागद नाही तिथे पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे ते कळते. वंशावळ काढायची असेल तर ती आधी स्वतःच्या घराण्याची काढावी, आजोळची धरून, आणि प्रत्येक नावापुढे कागदाचा क्रमांक लिहावा.